रोज १८० लिटर गाळायचं आणि १७८ परत घ्यायचं : किडनी नेमकं काय करते?

मे महिन्यातली दुपार. सोलापुरात पारा ४३ च्या पुढे गेलेला. सात दिशांचे रस्ते जिथे एकत्र येतात त्या सात रस्ता चौकात एक रिक्षाचालक सकाळी आठपासून उभा आहे, असं समजा. दुपारपर्यंत घामावाटे त्याच्या अंगातून दोन-तीन लिटर पाणी गेलंय, सोबत मीठही गेलंय. बाटलीतलं पाणी कधीच गरम झालंय, त्यामुळे तो जेमतेम घोट-घोट पितोय. मधे दोन चहा झाले. सकाळपासून लघवीला गेला फक्त एकदा आणि तीही गडद पिवळी.

इतकं सगळं होऊनही त्याच क्षणी त्याचं रक्त तपासलं, तर त्यातलं सोडियम बहुतेक १३५ ते १४५ या ठरलेल्या पट्ट्यातच सापडेल. पोटॅशियम ३.५ ते ५ च्या दरम्यान. रक्ताचा आम्लपणाही जिथल्या तिथे. बाहेर एवढी उलथापालथ आणि आत सगळं जागेवर, हे जमवतात त्याच्या दोन किडन्या. आपण त्यांना 'शरीराची गाळणी' म्हणून मोकळे होतो. पण गाळणं हा त्यांच्या कामातला सोपा भाग आहे.

मुठीएवढा अवयव, बॅरलभर काम

किडनी, म्हणजे मूत्रपिंड, पोटात पुढे नसून पाठीकडे असते. शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, मणक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. लांबी ११-१२ सेंटीमीटर, वजन साधारण १५० ग्रॅम. (कंबर धरली की 'किडनी दुखतेय' असं अनेकजण म्हणतात. बहुतेक वेळा दुखतो तो स्नायू किंवा मणका. किडनीचे बरेचसे आजार दुखतच नाहीत आणि हीच मोठी अडचण आहे, पण ते पुढे.)

दोन्ही मिळून शरीराच्या वजनाचा अर्धा टक्काही भरत नाहीत. तरी हृदय जेवढं रक्त बाहेर ढकलतं, त्यातलं २० ते २५ टक्के एकट्या किडन्यांकडे जातं. मिनिटाला लिटरभराहून जास्त. एवढं रक्त किडनीच्या स्वतःच्या पोषणासाठी लागत नाही. ते येतं कामासाठी.

त्यातून रोज सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं. हा आकडा सोलापूरकराला चटकन कळेल. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून शहरात येतं आणि वर्षानुवर्षं ते काही दिवसांआडच नळाला आलेलं आहे. त्यामुळे घरोघरी दोनशे लिटरचं निळं बॅरल ठरलेलं. ते जवळपास काठोकाठ भरेल, एवढं पाणी एका माणसाच्या किडन्या रोज गाळतात. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावं असा सरकारी मापदंड आहे. किडनीचा हिशेब त्याच्याही वर जातो.

आता शरीरात रक्त असतं पाचेक लिटर. त्यातला पेशी सोडून उरणारा पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, असतो तीन लिटरच्या आसपास. मग १८० लिटर आले कुठून? तेच तीन लिटर दिवसातून साठ वेळा गाळले जातात.

आधी सगळं बाहेर, मग हवं ते आत

प्रत्येक किडनीत दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे किडनीचं सर्वात लहान यंत्र. त्याच्या सुरुवातीला केसापेक्षाही बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता असतो, त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. इथे रक्ताच्या दाबाने पाणी आणि त्यात विरघळलेल्या लहान गोष्टी पलीकडे जातात. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं मागेच राहतात. पलीकडे जाणाऱ्या पाण्यात काय असतं? युरिया, क्रिएटिनिन, युरिक अॅसिड हा कचरा असतोच. पण साखर, मीठ, पोटॅशियम, अमिनो आम्लं, हा कामाचा मालही असतो.

म्हणजे किडनी कचरा वेचून बाहेर टाकत नाही. ती दिवाळीच्या आवराआवरीसारखं काम करते. माळ्यावरचं, कपाटातलं, कॉटखालचं सगळं आधी अंगणात काढायचं. मग जे घरात हवंय ते एकेक उचलून परत आत न्यायचं. उरेल ते भंगारात.

पहिल्यांदा ऐकताना ही पद्धत वेडेपणाची वाटते. पण तिच्यात मोठी सोय आहे. शरीराला जगातला प्रत्येक विषारी पदार्थ ओळखता येणं शक्य नाही. उद्या एखाद्या कारखान्यात आजवर नसलेलं रसायन तयार झालं आणि त्याचा कण पोटात गेला, तर त्यासाठी वेगळं दार कुठून आणणार? त्याऐवजी शरीराला फक्त आपलं काय आहे एवढं माहीत असलं की पुरतं. जे ओळखीचं, ते परत आत. लहान कण असेल आणि त्याला परत घेणारं कोणी नसेल, तर तो आपोआप लघवीत जातो. (काही औषधं आणि टाकाऊ द्रव्यं नेफ्रॉनची नळी स्वतःहून बाहेर ढकलते, हे खरं. पण मुख्य पद्धत ही अशी.)

परत घेण्याचं काम गुंत्याच्या पुढे असलेल्या लांब, वळणावळणाच्या नळीत चालतं. पहिल्याच टप्प्यात दोन तृतीयांश पाणी आणि मीठ परत रक्तात जातं. साखर तर जवळपास सगळीच. निरोगी माणसात दिवसाला सुमारे १८० ग्रॅम साखर गाळली जाते आणि लघवीत तिचा मागमूस नसतो. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली, की मात्र परत नेणाऱ्यांचे हात कमी पडतात. मग साखर लघवीत उतरते आणि आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते. मधुमेह वाढल्यावर वारंवार लघवी आणि सारखी तहान, ती यामुळे.

मिठाचा आकडा तर खरा वाटणार नाही. रोज जवळपास दीड किलो मिठाएवढं सोडियम क्लोराईड गाळलं जातं आणि त्यातलं ९९ टक्क्यांहून अधिक परत घेतलं जातं. दिवसभरात जेवढं मीठ खाल्लं असेल, घामात गेलेलं वजा करून साधारण तेवढंच बाहेर सोडलं जातं. कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी, वर लोणचं आणि पापड असा बेत झाला तर जास्त, मऊ भातावर भागवलं तर कमी. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे त्याहून बरंच जास्त खाल्लं जातं. किडनी ते निभावते, पण त्यासाठी अनेकांच्या अंगात रक्तदाब वाढवूनच.

सोलापूरच्या उन्हात किडनी काय करते?

आता परत चौकातल्या रिक्षाचालकाकडे. घाम गेला की रक्त किंचित घट्ट होतं. किती? एक-दोन टक्के पुरे. मेंदूतल्या एका छोट्या भागाला ते लगेच कळतं. तिथून दोन गोष्टी होतात. तहान लागते आणि एडीएच नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं. ते किडनीपर्यंत पोहोचलं की नळीच्या शेवटच्या टप्प्यात पाण्याची सूक्ष्म दारं उघडतात आणि लघवी होऊ घातलेलं पाणी शेवटच्या क्षणी परत रक्तात ओढलं जातं. म्हणून लघवी कमी आणि गडद. या दारांना अॅक्वापोरिन म्हणतात. त्यांच्या शोधासाठी पीटर अॅग्रे यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

उलट पावसाळ्यात गार हवा, घाम नाही आणि वर चार कप चहा. एडीएच कमी, दारं बंद, लघवी पाण्यासारखी. एकच किडनी दिवसाला अर्धा लिटर लघवीतही भागवते आणि गरज पडली तर दहा लिटरहून जास्तही बाहेर काढते.

पण खालची मर्यादा कडक आहे. रोज तयार होणारा कचरा बाहेर न्यायला किमान अर्धा लिटर लघवी लागतेच. घट्ट करण्याची ताकद संपली की त्यापुढे किडनी पाणी वाचवू शकत नाही. बाजारपेठेत, शेतात, बांधकामावर राबणाऱ्या अनेक बायका दिवसभर मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण जायला धड जागा नसते. हा प्रश्न वैद्यकशास्त्रापेक्षा नगरपालिकेचा जास्त आहे, पण त्याची किंमत मूत्रमार्गाचा संसर्ग आणि मुतखडा या रूपात शरीराला मोजावी लागते. सतत घट्ट राहिलेल्या लघवीत कॅल्शियम आणि ऑक्झलेटचे स्फटिक धरतात. उष्ण भागात मुतखडा जास्त आढळतो, त्यामागे हेही एक मोठं कारण आहे.

मग 'सकाळी उठून तीन लिटर पाणी ढोसा, किडनी धुऊन निघेल' या रील्सचं काय? किडनी भांडं नव्हे. ती तासाला फार तर लिटरभर पाणी बाहेर काढू शकते. त्याहून वेगाने पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते फार खाली गेलं तर झटके येऊ शकतात. निरोगी माणसाने तहानेप्रमाणे प्यावं, उन्हात काम असेल तर तहानेची वाट न बघता थोडं थोडं प्यावं, लघवी फिकट पिवळी राहील इतपत. (बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर रंगावर जाऊ नका, ती लघवी भडक पिवळी करते.)

उन्हात वेदनाशामक गोळी

याच ठिकाणी एक धोका आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

शरीरातलं पाणी कमी झालं की किडनीकडे येणारं रक्तही कमी होतं. तरी गाळणं सुरू राहावं म्हणून किडनी आपल्याकडे येणारी बारीक रक्तवाहिनी रुंद ठेवते. हे काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या नेमकी हीच द्रव्यं बंद करतात. त्यानेच दुखणं थांबतं आणि त्यानेच किडनीचा आधारही जातो.

एरवी धडधाकट माणसाने एखादी गोळी घेतली तर सहसा काही बिघडत नाही. पण यंत्रमागावर बारा तास उभं राहून पाठ धरलेली, विड्या वळून मान आखडलेली, आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर पाय सुजलेले. अशी माणसं मेडिकलमधून 'दुखण्याची गोळी' मागून घेतात आणि घामाने सुकलेल्या अंगावर दिवसाला दोन-तीन गिळतात. त्यात रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल चालू असेल आणि सोबत लघवी वाढवणारी गोळीही असेल, तर तीन बाजूंनी ओढाताण होते आणि किडनीचं काम दोन-चार दिवसांत कोलमडू शकतं. लवकर लक्षात आलं तर बहुतेकदा ती सावरते. पण महिनोन्महिने हे चालू राहिलं तर नुकसान कायमचं होतं.

म्हणून जुलाब, उलट्या किंवा ऊन लागलेलं असताना या गोळ्या नकोत. दुखणं सहन होत नसेल तर ठरलेल्या मात्रेतली पॅरासिटामॉल किडनीला त्यामानाने सौम्य. रक्तदाबाची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये, अशा दिवसांत ती घ्यायची की थांबवायची हे डॉक्टरांना फोन करून विचारावं.

लघवीशी संबंध नसलेली कामं

किडनी रेनिन सोडते, त्यातून रक्तदाब सांभाळला जातो. रक्तात प्राणवायू कमी पडतोय हे तिला कळतं आणि ती एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक पाठवून हाडांच्या मगजाला तांबड्या पेशी वाढवायला सांगते. म्हणून किडनीच्या जुन्या रुग्णाला पंडुरोग होतो आणि नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी तो भरून निघत नाही. 'ड' जीवनसत्त्वाला शेवटचं कामाचं रूप किडनीतच मिळतं, त्यामुळे ती बिघडली की हाडंही ठिसूळ होतात.

आणि पोटॅशियम. हे वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, क्वचित थांबतातही. शहाळं, केळी, मोसंबी हे चांगल्या माणसाला अमृत, पण किडनी निकामी होत आलेल्या माणसाला पोटॅशियममुळे घातक ठरू शकतं. नातेवाईक दवाखान्यात भेटायला जाताना प्रेमाने शहाळं नेतात, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारणं बरं.

रिपोर्ट 'नॉर्मल' आणि किडनी अर्धी

निसर्गाने किडनीत भरपूर शिल्लक ठेवलेली आहे. एक किडनी दान करून माणूस व्यवस्थित जगतो, ते यामुळेच. पण याचीच दुसरी बाजू अशी की निम्मं काम बंद पडलं तरी माणसाला काहीच जाणवत नाही.

तपासणीतही फसगत होते. समजा दोघांच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन १.२ आलंय. एक २५ वर्षांचा तरुण, दुसऱ्या ६५ वर्षांच्या आजी. लॅबच्या कागदावर आकडा सारखाच, काही ठिकाणी तो 'नॉर्मल'मध्येही बसेल. पण वय आणि लिंग धरून गाळण्याचा वेग काढला, ज्याला ईजीएफआर म्हणतात, तर तरुणाचा येतो सुमारे ८६ आणि आजींचा सुमारे ५०. तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर तो किडनीचा दीर्घ आजार धरतात. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं आणि आजींचे स्नायू मुळात कमी, म्हणून हा फरक. रिपोर्ट हातात आला की क्रिएटिनिनच्या शेजारी ईजीएफआर लिहिलाय का ते बघावं, नसेल तर विचारावं.

दुसरी तपासणी त्याहून आधी सांगणारी, लघवीतल्या अल्ब्युमिनची. गाळणी सैल झाली की जी प्रथिनं मागे राहायला हवीत ती निसटू लागतात. लघवीला फेस येऊन तो टिकणं, सकाळी डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी पायावर बोट दाबलं की खळगा, ही पुढची चिन्हं. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही किडनी खराब होण्याची दोन मोठी कारणं. हे ज्यांना आहेत त्यांनी वर्षातून एकदा या दोन्ही तपासण्या करायलाच हव्यात.

इथे एक चांगली बातमीही आहे. नळीत साखर परत नेणाऱ्यांचे हात मुद्दाम अडवणारी औषधं आली, डापाग्लिफ्लोझिनसारखी. ती मधुमेहासाठी बनली होती, पण किडनी खराब होण्याचा वेग ती कमी करतात असं दिसलं, आणि मधुमेह नसलेल्या बऱ्याच रुग्णांमध्येही. भारतात ती आता जेनेरिक रूपात मिळतात. कोणाला चालतील हे अर्थात डॉक्टरच ठरवणार.

अकोल्याची क्रीम

'डिटॉक्स'च्या नावाने जे विकलं जातं त्याची किडनीला गरज नसते. ती स्वतःच तेच काम करत असते. धोका असतो तो न सांगता पोटात किंवा अंगावर आलेल्या गोष्टींचा. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याच्या एका कुटुंबाची बातमी आली होती. एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या किडनीच्या गाळणीला सूज. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा समान धागा सापडला, तिघी वापरत असलेली गोरं करणारी क्रीम. त्यात प्रमाणाबाहेर पारा होता. पारा त्वचेतून रक्तात जातो आणि ग्लोमेरुलसच्या पडद्याला इजा करतो. लेबल नसलेल्या क्रीमला आणि घटक न सांगता दिलेल्या भस्माला हाच नियम लागू.

आठवड्याचे १६८ तास

किडनी पूर्ण थकली की डायलिसिस. नोव्हेंबर १९७५ मध्ये जयप्रकाश नारायण यांना तुरुंगवासातून सुटल्यावर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणलं, तेव्हा त्यांच्या किडन्या निकामी झालेल्या होत्या. ८ ऑक्टोबर १९७९ ला निधन होईपर्यंतची जवळपास चार वर्षं, आणीबाणी उठणं, निवडणूक, जनता पक्षाचं सरकार, हे सगळं त्यांनी डायलिसिसवर पाहिलं. त्या काळात भारतात ही सोय मोजक्या रुग्णालयांतच होती.

आज ती जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. राज्य सरकारची जीवनदायी योजना, जिला आता महात्मा फुले यांचं नाव आहे, २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात सोलापूर होतं. डायलिसिस त्या योजनेत बसतं, त्यामुळे रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटणं हे पहिलं काम.

यंत्रात रक्त एका बारीक पडद्याच्या एका बाजूने जातं, दुसऱ्या बाजूने मीठपाण्यासारखं द्रावण. युरिया, पोटॅशियम आणि जादा पाणी पलीकडे ओढलं जातं. चार तासांच्या एका सत्राला साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं, आठवड्याला तीन सत्रं. म्हणजे १६८ तासांपैकी १२ तास. उरलेले १५६ तास रुग्णाला पाणी मोजून प्यावं लागतं. कित्येकांना दिवसाला लिटरभरच, उन्हाळ्यातही, कारण प्यायलेलं बाहेर जायला वाट नसते. एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन वेगळं, 'ड' जीवनसत्त्वाची गोळी वेगळी.

प्रत्यारोपण झालं तर यातलं बहुतेक सुटतं, त्याऐवजी शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून रोजच्या गोळ्या येतात. जुन्या दोन्ही किडन्या सहसा काढत नाहीत, त्या जागेवरच राहतात. नवी किडनी खाली ओटीपोटात, जांघेच्या वर बसवतात, तिथल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडून. नातेवाईकाने दिलेली किडनी असेल तर रक्त सोडल्यावर ती गुलाबी होते आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच लघवीचा पहिला थेंब येतो.